चौकाचं तिकीट

लखनौला चारबागच्या स्टॉपवर ईश्वर रामटेकेने सिटी बसच्या पायरीवर उजवा पाय ठेवला आणि तो तिथेच लटकला. लकव्यानंतर आज तो पहिल्यांदाच एकटा बाहेर पडला होता. "आई गं!" त्याच्या तोंडून निघालं.

"आधी डावा पाय," मागून एका बाईचा आवाज आला. चक्क मराठीत. "चढताना चांगला, उतरताना आजारी."

"मग हात द्या की."

"मी हात देत नसते."

काय बाई आहे, असं पुटपुटत तो चढला. पण डावा पाय आधी टाकून.

सोमवारी इस्पितळात तीच बाई टेबलापलीकडे बसलेली. सुभद्रा वानखेडे, फिजिओथेरपिस्ट. लकव्यातून उठलेला माणूस बसने एकटा जाऊ शकतो का, हे सोबत बसून तपासायचं तिचं काम. चारबाग ते कैसरबाग. तीन गुरुवार, तीन फेऱ्या. एकदा तरी मदतीशिवाय जमलं तर ऑफिस ईश्वरला परत घेणार होतं. नाहीतर नोकरी संपली. मग वर्ध्याला भाऊ दादारावच्या अंगणात खाट टाकून बसायचं, चौतिसाव्या वर्षी.

पहिल्या गुरुवारी एका म्हाताऱ्या मियाँजींनी त्याला काखेत हात घालून वर घेतलं. सुभद्राने लिहिलं, 'मदत घेतली.'

"मी कुठे मागितली?"

"नको म्हणालात का?"

दुसऱ्या गुरुवारी त्याने चढतानाच सांगून टाकलं, "भाईसाहब, इम्तिहान चल रहा है, हाथ मत लगाइए." झालं! अख्खी बस परीक्षेला बसली. कैसरबाग येताच सगळे ओरडले, "बाबूजी, उतरिए!"

"हीसुद्धा मदतच," सुभद्रा ओठ दाबून हसली.

"लखनौची माणसं मला नापास करणार, मॅडम."

"माया करतात हो..." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तीन हिवाळे झाले मला इथे. कैसरबागच्या पुढे तो चौक बाजार, तिथलं मलई-मक्खन अजून खाल्लं नाही. एकटीने कोण जाणार?"

तिसऱ्या गुरुवारी दाट धुकं होतं. ईश्वर गुपचूप चढला, दांडा धरला, तिकिटं स्वतः काढली. कैसरबाग आलं. तो बसून राहिला. बस सुटली.

सुभद्राचा चेहरा पडला. "रामटेके, स्टॉप गेला! शेवटची फेरी होती ही... आता मी काय लिहू?"

"कागदावर काय विचारलंय?"

"जिथे जायचं तिथे स्वतः उतरला का?"

त्याने उजवी मूठ सावकाश उघडली. दोन तिकिटं, चौकाची.

"जायचं तिथेच चाललोय. थंडी सरली की मक्खन मिळत नाही."

"आणि मी नापास केलं तर?"

"तर वर्धा. पण पास होऊन तुम्हाला चौकात येता का विचारलंच नसतं – तर इथे राहूनही वर्धाच की."

सुभद्राच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

चौकात तो आजारी पाय आधी टाकून उतरला. कुणी हात लावला नाही. सुभद्राने दारातच उभं राहून लिहिलं, 'मदत नाही. एकटा प्रवास करू शकतो.' सही केली, फाइल पिशवीत टाकली.

"मेमसाहब, उतरिएगा भी?" कंडक्टर वैतागला.

खाली ईश्वरने आपला आजारी, उजवा हात पुढे केला होता.

"हात द्या की."

"ड्यूटीवर मी हात देत नसते," ती म्हणाली, आणि तोच हात धरून उतरली.