साध्या स्कूटरचं महाग पेट्रोल

रांग टाळायची म्हणून तो तिच्याकडे आला. पंपावर साध्या पेट्रोलसमोर स्कूटर, मोटारी आणि टेम्पोंची ही गर्दी, आणि पार टोकाला प्रीमियमच्या नोझलजवळ ती एकटीच उभी होती. डोक्यावर निळी टोपी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि चेहऱ्यावर कंपनीने शिकवलेलं हसू. त्याने आपल्या मावशीची जुनी, रंग उडालेली स्कूटर सरळ तिच्यापुढे आणून उभी केली. आपण कुठल्या पेट्रोलपुढे उभे आहोत, याचा त्याला पत्ताच नव्हता.

"नमस्कार सर हे प्रीमियम पेट्रोल याचा ऑक्टेन जास्त असतो इंजिनाचं आयुष्य वाढतं पिकअप सुधारतो अ‍ॅव्हरेज वाढतं," ती म्हणाली.

"हे सगळं एका श्वासात म्हणता?"

"मधे श्वास घेतला की गिऱ्हाईक निघून जातं."

"मी थांबलोय… घ्या श्वास."

तिने खरंच घेतला. मग तिला हसू फुटलं, आणि ते कंपनीच्या हसण्याइतकं नीटनेटकं नव्हतं. तो हेल्मेट काखेत धरून उभा राहिला. बाकीचे लोक तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. हा मात्र शिकवणीला आल्यासारखा ऐकत होता.

"टाकू का मग?" तिने विचारलं.

"तुम्ही एवढं सांगताय तर टाका."

तो चष्म्यांच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचे चष्मे स्कूटरवरून घरपोच द्यायचा. हे तिला दुसऱ्या खेपेला कळलं. तिसऱ्या खेपेला कळलं की मावशीनेच त्याला वाढवलंय, आणि स्कूटर मावशीची असली तरी तिला लाथ मारून सुरू करणं फक्त यालाच जमतं. खेपा मात्र फार लवकर लवकर होऊ लागल्या. जगातले लोक टाकी रिकामी झाली की पेट्रोल भरतात. हा दर दोन दिवसांनी यायचा आणि घोटभर पेट्रोल भरायचा. मग प्रीमियमच्या शेजारीच असलेल्या हवेच्या यंत्रापाशी उकिडवा बसून चाकांत हवा भरायचा. पुढच्या चाकात, मागच्या चाकात, आणि गप्पा रंगल्या असतील तर वर बांधलेल्या जादा चाकातसुद्धा.

"चाकं फुटतील एक दिवस," ती म्हणायची.

"फुटू देत. पंक्चरवाला पण इथेच आहे."

एकदा तो सकाळी आला नाही, संध्याकाळी आला. तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही आलात की दिवस बरा जातो." बोलून झाल्यावर ती उगाचच नोझल पुसत बसली. त्या दिवशी त्याने जादा चाकातली हवा काढून पुन्हा भरली.

असंच चाललं असतं तर गोष्ट सांगायची गरजच नव्हती. पण एके दिवशी तो उड्या मारतच आला. "तुमचं पेट्रोल म्हणजे कमाल आहे! स्कूटरचं अ‍ॅव्हरेज वाढलं. मी नीट मोजलं. मावशीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, दुकानात तर रोज सांगतो."

"अरे वा," ती म्हणाली.

"खरं सांगू? मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्याकडे पण महागड्या काचा असतात, हा थर, तो थर. पण गरज नसेल तर मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, आजी, तुम्हाला साधीच काच पुरेल. मालक ओरडतो. ओरडू दे. तुमच्यावर मात्र ठेवला विश्वास."

तो गेला आणि ती टोपी काढून बाकावर बसली. ट्रेनिंगमध्ये शिकवणारे साहेब काय म्हणाले होते, ते तिला लख्ख आठवत होतं. साध्या गाडीला याचा काही उपयोग नसतो, पण गिऱ्हाइकाने विचारलं तरच सांगायचं. आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याने तर मुळीच नाही.

घरी तिने मोठ्या बहिणीला सगळं सांगितलं. ताई भाजी चिरत होती, तिने मान वर केली नाही. "तो पेट्रोलसाठी येतो की तुझ्यासाठी?"

"तेच तर कळत नाही ना गं. माझी पोपटपंची ऐकून येत असेल तर?"

"मग खरं सांग त्याला. पेट्रोलसाठी येत असेल तर यायचा बंद होईल."

"आणि बंद झाला तर?"

"तर रडशील चार दिवस. पण फसवून बोलावतेस त्यापेक्षा बरं."

ताईचं असंच असतं. मलमपट्टी नंतर, आधी जखम धुऊन घ्या.

पुढच्या खेपेला त्याने टाकीचं झाकण उघडलं, तेव्हा तिने नोझल उचललंच नाही. झाकणाच्या आत चिकटवलेल्या पुसट कागदावर बोट ठेवलं. "वाचा."

"साधं पेट्रोल वापरा," त्याने वाचलं.

"गाडी बनवणाऱ्यानेच लिहिलंय. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त, असं नसतं. ते पेट्रोल जास्त दाब सहन करतं, अवेळी पेटत नाही, एवढंच. ज्या इंजिनात दाब फार असतो, म्हणजे त्या शर्यतीच्या मोटारी वगैरे, त्यांना ते लागतं. तुमच्या स्कूटरला साधंच पुरतं. वरचे पैसे पाण्यात."

तो स्कूटरकडे बघत राहिला. "पण अ‍ॅव्हरेज वाढलं की. मी मोजलंय."

"ते हवेमुळे."

"हवेमुळे?"

"चाकांत हवा बरोबर असली की गाडी हलकी पळते. आधी कधी भरायचात?"

"…आठवण झाली की."

"आणि आता दर दोन दिवसांनी भरता." ती बोलून गेली आणि तिचीच जीभ अडखळली. तो इतकी हवा का भरत होता, हे दोघांनाही एकदमच उमगलं. त्याचे कान लालबुंद झाले. तिला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही.

"म्हणजे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"तरी सांगत राहिलात."

"हो."

त्याने झाकण लावलं, हेल्मेट चढवलं. "मी आलो की दिवस बरा जातो, असं म्हणाला होतात… ते पण ट्रेनिंगमध्येच शिकवतात का?"

मागे एका मोटारवाल्याने जोरात हॉर्न वाजवला. तिने वळून बघितलं, आणि तेवढ्यात स्कूटर निघून गेली.

त्यानंतर तो आला नाही. दोन दिवसांनी नाही, आठवड्याने नाही. हवेचं यंत्र दिवसभर रिकामं असायचं. कोणी जुनी स्कूटर घेऊन वळला की ती टोपी नीट करायची आणि हेल्मेटमधून भलताच चेहरा बाहेर यायचा. तिला स्वतःचाच राग आला, मग त्याचा आला, मग पुन्हा स्वतःचा. तो तिला आवडत होता. हे कळायला तो यायचा बंद व्हावा लागला.

"खरं सांगितलंस ते ठीक," ताई म्हणाली. "पण त्याने शेवटी विचारलं त्याचं उत्तर दिलंस का?"

"हॉर्न वाजला."

"हॉर्न वाजून किती दिवस झाले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चष्म्यांच्या दुकानात गेली. मालक जेवायला गेला होता. काउंटरसमोर एक आजोबा बसले होते आणि तो त्यांच्या चष्म्याची काच यंत्रावर घासत होता. तिला बघून त्याचा हात थांबला. यंत्र मात्र घरघरत राहिलं.

"नंबर तपासायचाय?" त्याने अगदी दुकानदारी आवाजात विचारलं.

"नाही. उत्तर द्यायला आलेय. ट्रेनिंगमध्ये इंजिनाचं आयुष्य, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज शिकवतात. हसायला पण शिकवतात. तुम्ही आलात की दिवस बरा जातो, हे नाही शिकवत. ते मी माझ्या मनाने म्हटलं. एकट्या तुम्हालाच."

"मला एक दिवस राग होता," तो काचेकडे बघत म्हणाला. "नंतर नुसती लाज वाटायला लागली. हवेची. म्हटलं, आता पंपावर तोंड कसं दाखवायचं?"

"पंपावर सगळ्यांना कधीच कळलं होतं. मलाच उशीर झाला."

"मग आता मी कशासाठी येऊ? पेट्रोल तर साधंच पुरतं…"

"माझ्यासाठी या. मला तुम्ही आवडता."

त्याने घाईघाईने यंत्र बंद केलं आणि लगेच पुन्हा सुरू केलं. आजोबांना मात्र परिस्थिती समजली. "माझा चष्मा उद्या दिलास तरी चालेल हो," असं पुटपुटत ते उठले, दाराची चौकट चाचपली आणि थेट रस्त्यात उतरले. समोरून टेम्पो येत होता.

"आजोबा!" दोघं एकदमच धावले. एकाने हा दंड धरला, दुसरीने तो. टेम्पोवाला काहीबाही बोलून गेला. आता त्यांना घरी पोचवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं ओढून त्याने बाहेर 'लगेच येतो'ची पाटी लावली, आणि आजोबांना मधे घेऊन दोघं निघाले.

चौक ओलांडताना, गाड्यांच्या गोंगाटात, तो तिच्याकडे न बघता हळूच म्हणाला, "मलाही…"

"काय म्हणालात?" तिने विचारलं. ऐकू तर नीट आलं होतं.

"अगं, मलाही तू आवडतेस, असं म्हणायचंय त्याला," आजोबा वैतागून म्हणाले. "मला दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं. आणि तू रे, सगळं मीच बोलायचं का?"

मग चौकाच्या पलीकडे पोचल्यावर त्याने तिच्याकडे बघून पूर्ण वाक्य सांगितलं.