गरम पाण्याचा तलाव

पाथर्डी फाट्यावरच्या नव्या इमारतीत फ्लॅट बघायला आलेल्या राखी निकम यांना गॅलरीतून खालची गर्दी दिसली. फ्लॅट आवडला होता. मेंटेनन्स ऐकून मात्र त्या अडखळल्या होत्या. त्या खाली उतरल्या.

पंपरूमसमोर सेक्रेटरी रोहित वॉचमन नवनाथला दरडावत होता. तलावाच्या मशीनच्या वायरी कोणीतरी कापल्या होत्या.

"किल्ली याच्याच केबिनमध्ये असते. परवा मी याला सगळ्यांसमोर झापलं, त्याचा हा राग! पोलिसांना बोलावतो."

"मी पोलीसच आहे. सब-इन्स्पेक्टर," राखी म्हणाल्या. "आत कोण गेलं होतं?"

"कोणीच नाही. मशीन बंद दिसलं, दारातून लोंबणाऱ्या वायरी दिसल्या, लगेच मी कुलूप घातलं," रोहित म्हणाला.

राखी एकट्या आत गेल्या. मशीनच्या मागे वाकून त्यांनी टॉर्च मारला. कापलेल्या प्रत्येक टोकाला काळी टेप घट्ट गुंडाळली होती. शेजारून पिण्याच्या पाण्याच्या पंपाची वायर जात होती. तिला धक्काही लागला नव्हता.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "एवढं मशीन कशाला?"

"तलावाचं पाणी गरम ठेवायला. मेंटेनन्सचा मोठा भाग तिथेच जातो."

"पोहतं कोण?"

रोहितनं नजर चुकवली. "फारसं कोणी नाही."

एक बाई घाबरून म्हणाली, "मुलं इथेच खेळतात हो. शॉक बसला तर?"

"नाही बसणार. टोकांना टेप आहे," वाल्मीक सर म्हणाले. 

"सर आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स शिकवून निवृत्त झालेत," नवनाथ राखींना म्हणाला. "रोज सकाळी माझ्या केबिनमध्ये पेपर वाचत बसतात."

राखी त्यांच्याजवळ गेल्या. "सर, जरा बाजूला येता?"

सरांनी नवनाथकडे पाहिलं. "नको. इथेच बोला."

"रागानं वायर कापणारा टेप लावत बसत नाही. हे शिकलेल्या हाताचं काम आहे. कोणाला इजा होऊ नये, कोणाचं पाणी तुटू नये, पण तलाव बंद पडावा, असं वाटणाऱ्याचं. किल्ली तुमच्या हाताशी होती. आणि टेप मशीनमागे वाकल्याशिवाय दिसत नाही. ती तुम्हाला कशी माहीत?"

सरांनी मान खाली घातली.

"माझ्या शब्दावर बहिणीनं नामपूरचं घर विकून इथे फ्लॅट घेतला. मी ऊन बघितलं, वारा बघितला. मेंटेनन्स विचारलाच नाही. परवा वरच्या मजल्यावर एकाचा पंखा दुरुस्त करायला गेलो. तिथे ती मेंटेनन्ससाठी भांडी घासत होती. मला सांगायची, भजनाला जाते. मीटिंगमध्ये उभं राहून आम्हाला परवडत नाही म्हणायची लाज वाटली. आणि या पोरावर आळ येईल, हे सुचलंच नाही. नवनाथ, चुकलं रे."

रोहितनंही मान खाली घातली. "माझंही चुकलं," तो पुटपुटला.

गर्दीतून बायडाबाई पुढे आल्या. पदराला ओले हात पुसत भावासमोर उभ्या राहिल्या.

"माले लाज नही वाटत, भाऊ. काम शे ते."

सरांनी मान वर केली नाही.