कानसेन ऑनलाइन आहेत

हे घडलेलं आहे. कुणाला पटवून देण्याचा अट्टहास नाही. जिच्यासोबत घडलं तिनंही तो कधी केला नाही. फारच खोदून विचारलं तर ती एवढंच म्हणते, "आम्ही दोघं होतो तिथे. दोघांनीही पाहिलं."

रात्र नव्हती. रविवारची संध्याकाळ होती. बाहेर पोरांचा खेळ अजून रंगात होता.

जागा म्हणजे तिच्या वडिलांचं दुकान. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. वडील श्रवणयंत्रं बसवायचे. खोलीच्या कोपऱ्यात एक लहानशी केबिन होती, आतून जाड स्पंज लावलेली, एक काचेची खिडकी असलेली. ज्याला ऐकू कमी येतं तो आत बसायचा. कानाला हेडफोन, हातात बटण. ऐकू आलं की बटण दाबायचं. मग बाहेर वडिलांच्या टेबलावर लाल दिवा लागायचा.

वडील वारले त्याला काही महिने झाले होते. खोली रिकामी करायची म्हणून केबिनची वायर तिनं स्वतः काढून, गुंडाळून ठेवली होती. जुन्या कॉम्प्युटरची बंद पडलेली डिस्क नवऱ्यानं बाहेर काढली होती. ती टेबलावर पडली होती, एखाद्या उपटलेल्या दातासारखी.

आणि वडिलांच्या ईमेलवर एक पत्र आलं.

'देवघेव पुन्हा सुरू झाली आहे! तुमचं खातं होतं तसंच आहे.'

देवघेव म्हणजे फायली वाटायची जुनी सेवा. लोक तिच्यावरून गाणी, पुस्तकं, वाटेल ते एकमेकांना फुकट द्यायचे. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ती बंद पडली. आता कुणी नव्या मालकांनी ती विकत घेतली होती.

पत्र वाचून ती खुर्चीत सरळ बसली.

"अरे, आईचा आवाज!"

तिची आई वडिलांसाठी शब्द वाचायची. कानाच्या तपासणीला लागणारे साधे शब्द, एकेक, मधे थांबत. वडील ते रेकॉर्ड करून देवघेववर ठेवायचे. कुठल्या कुठल्या गावचे तंत्रज्ञ ते घ्यायचे. आई गेल्यावर तिनं ते मागितले, तेव्हा वडील म्हणाले होते, "सगळं देवघेववर होतं गं. ती बंद पडली, तेही गेलं."

"असं कसं म्हणाले ते?" नवरा लॅपटॉप उघडता उघडता थांबला. "देवघेवकडे काही नसतंच. फाइल ज्याची त्याच्या कॉम्प्युटरवर. तो चालू असला तरच दुसऱ्याला मिळते. देवघेव नुसती गाठ घालून देते."

"म्हणजे?"

"म्हणजे... त्यांच्याकडेच होतं. पहिल्यापासून."

तिनं टेबलावरची डिस्क उचलली, उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली.

नवऱ्यानं स्वतःचं खातं काढलं आणि वडिलांचं नाव शोधलं. वडिलांनी तिथे नाव घेतलं होतं 'कानसेन'. नावापुढे राखाडी ठिपका. ऑफलाइन. खाली एकच फाइल.

'शब्द, शेवटचा संच.'

"मागून बघ," ती म्हणाली.

"अगं, देणार कोण? डिस्क ही इथे पडलीय. सासरेबुवा वरून पाठवणार आहेत का? हयातीत त्यांनी मला एक कप चहा दिला नाही."

तिला हसू आलं. त्यानं फाइल मागितली. 'वाट पाहत आहे' अशी ओळ उमटली. तो पुढे काहीतरी बोलणार होता...

ठिपका हिरवा झाला.

'कानसेन ऑनलाइन आहेत.'

फाइल येऊ लागली.

नवऱ्यानं आधी टेबलावरच्या डिस्ककडे पाहिलं, मग कॉम्प्युटरच्या रिकाम्या खोक्याकडे. प्लग जमिनीवर पडला होता.

"कुणीतरी त्यांचं नाव घेतलं असेल," तो म्हणाला. पण ते त्याचं त्यालाच पटलं नसावं.

फाइल पूर्ण आली. तिनं ती लावली.

खरखर. मग आईचा श्वास... आणि आई.

"म्हणा... वाटी."

बरोबर सोळा वर्षांनी. आजारपणातला, बारीक झालेला, पण आईचाच आवाज. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"म्हणा... खिडकी."

टेबलावर काहीतरी लुकलुकलं.

"म्हणा... पाऊल."

पुन्हा.

लाल दिवा लागत होता. आईचा शब्द संपला की एकदा लागायचा, विझायचा. वायर काढलेल्या केबिनचा दिवा.

आत बसून कुणीतरी ऐकत होतं.

नवरा उठला. केबिनच्या दारापर्यंत गेला, हात लावायला मात्र त्याला जरा वेळ लागला. दार उघडलं. आत स्टूल. स्टूलवर धूळ, बोटानं रेघ ओढता येईल एवढी. हेडफोन खुंटीला. बटण गुंडाळलेल्या वायरच्या टोकाला, लोंबतं.

"म्हणा... सावली."

त्याच्या डोळ्यांदेखत बटण आत दबलं... आणि वर आलं.

तो मागे सरला. "बंद कर ते. चल, आपण घरी जाऊ."

"शब्द संपू देत," ती म्हणाली.

शब्द संपले. पण फाइल संपली नव्हती. वडिलांची एक पद्धत होती. शब्द झाले की मशीन तसंच चालू ठेवून ते खोलीतली शांतता रेकॉर्ड करायचे. खोलीत मुळात किती आवाज आहे ते कळावं म्हणून. आईला बहुधा वाटलं, मशीन बंद झालं.

शांतता... घड्याळाची टिकटिक... आणि मग थकलेल्या आवाजात,

"अहो, आज तरी चिऊचा फोन आला का?"

चिऊ म्हणजे तीच. आईची चिऊ.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती रोज संध्याकाळी फोन करायची. उचलायचे वडील. "आईला तुझ्याशी बोलायचं नाही. हट्ट करू नकोस." एकदा ती थेट दारात येऊन उभी राहिली. वडील उंबऱ्यावर आडवे उभे राहिले. "तुला बघून तिला त्रास होईल. आता जा." ती गेली. आठवड्याभरात आई गेली.

पुढे तेच वडील थकले. तेव्हा हीच परत आली. त्यांचं खाणंपिणं, औषधं, अंघोळ, सगळं हिनं केलं. शेवटी शेवटी त्यांनाही यंत्राशिवाय ऐकू येत नव्हतं. ती विचारायची, "बाबा, आई शेवटी काय म्हणाली माझ्याबद्दल?" ते शांतपणे कानातलं यंत्र काढून खिशात ठेवायचे.

आता स्पीकरमधून त्यांचा सोळा वर्षांपूर्वीचा आवाज आला. स्वच्छ. ठाम.

"नाही आला. तिला कशाला आपली आठवण येतेय?"

"येईल हो. माझी पोर आहे. मी रागावले नाही म्हणावं तिला. सांगाल ना?"

"सांगेन."

खट्. फाइल संपली.

बाहेर कुणाचा तरी चेंडू भिंतीवर आपटत होता. नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो हळूच काढला आणि फाइलचा तो शेवटचा भाग पुन्हा लावला. आईकडे तिचं लक्ष नव्हतं. ती दिव्याकडे बघत होती.

"अहो, आज तरी चिऊचा फोन आला का?"

दिवा लागला नाही.

तिनं पुन्हा लावला. आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. आईचा प्रश्न खोलीभर घुमला.

दिवा नाही.

मग तिनं मुद्दाम मागे जाऊन 'वाटी' लावलं.

दिवा लागला. लगेच. तत्परतेनं.

"ऐकू येतंय त्यांना," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, आणि नवरा सांगतो की त्याला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. "सगळं ऐकू येतंय. जे ऐकायचं नाही तेवढंच येत नाही. मरूनसुद्धा!"

"अगं, इकडे बघ..."

तो लॅपटॉपकडे बोट दाखवत होता. देवघेववर दोन रकाने असतात, येणारं आणि जाणारं. त्यांनी वाटायला काहीच ठेवलं नव्हतं. तरी 'जाणारं' या रकान्यात एक ओळ आली होती. फाइलला नाव नव्हतं. घेणारे, कानसेन. पुढे किती गेलं त्याचा आकडा.

"काय घेताहेत ते?" तिनं विचारलं.

ती बोलली तसा आकडा वाढला. ती थांबली, आकडा थांबला.

"बाबा?"

वाढला.

नवऱ्यानं नेटची वायर उपटली. वायफाय बंद केलं. आकडा होता तिथेच होता. वाट बघत.

"काही बोलू नकोस," नवरा कुजबुजला. त्याच्या कुजबुजण्यानं आकडा हलला नाही. पलीकडच्याला फक्त तिचा आवाज हवा होता.

ती थांबलेल्या आकड्याकडे बघत राहिली. मग तिला वाटलं, हा आवाज कुणासाठी चाललाय? ज्यानं आयुष्यभर तिचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्याला आता तो कशाला हवा? की पलीकडे आणखी कुणी आहे, सोळा वर्षं तोच एक प्रश्न विचारत... आणि म्हातारा अखेर कंटाळून, शरमून, निरोप न्यायला आलाय?

ती लॅपटॉपच्या जवळ सरकली.

"आई, मी रोज फोन करत होते. रोज. दारातसुद्धा आले होते गं. मला यांनी..."

आकडा भराभर वाढत होता. 'यांनी' म्हणाली आणि तो अडखळला.

"मला यांनी आत येऊ दिलं नाही."

ओळ लाल झाली.

'कानसेन यांनी रद्द केलं.'

ठिपका राखाडी झाला.

त्यानंतर तो कधी हिरवा झाला नाही. नवऱ्यानं कंपनीला लिहून विचारलं. उत्तर आलं की सेवा पुन्हा सुरू झाल्यापासून या खात्यात कुणी शिरलेलंच नाही. काही अडचण असल्यास मदत विभागाशी बोला.

ती खोली अजून विकलेली नाही. ती रविवारी जाते, लॅपटॉप उघडते, थोडा वेळ बसते. नवरा बरोबर जातो, पण आता विनोद करत नाही. तो म्हणतो, गेलेलं माणूस परत येतं याची मला भीती वाटते.

तिला त्याची भीती वाटत नाही. येऊ देत, ती म्हणते.

तिला एवढंच कळत नाही की रद्द होण्याआधी जेवढं गेलं, ते आईपर्यंत पोहोचलं का. पोहोचवणार तर तेच होते. आणि आई जिथे कुठे असेल तिथे, तिच्या उशाशी, आता कायमचे तेच बसलेत.