झग्यावरची चार बोटं

माँटेव्हिडिओत निगेटिव्ह स्कॅन करणारं शेवटचं धड यंत्र माझ्याकडे होतं. एके काळी अठरा जुलै नावाच्या रस्त्यावर फोटोच्या लॅबच लॅब होत्या. नुसत्या रसायनांच्या वासावरून मी डोळे मिटून सांगायची, आपण कुणाच्या दाराशी उभे आहोत ते. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. फिल्मवर फोटो काढणारी तरुण मंडळी मात्र पुन्हा वाढली आहेत, आणि ती सगळी माझाच जिना चढून यायची. कारण यंत्र बनवणाऱ्यांनी ते केव्हाच बंद केलं, सुटे भाग मिळत नाहीत, आणि दुरुस्त करणारा बास्तिदास मुलीकडे स्पेनला जाऊन राहिला. रोसारिओ शहरातली एक लॅब बुडाली तेव्हा तिथलं बिघडलेलं यंत्र मी फक्त आतल्या दिव्यासाठी उचलून आणलं. गेल्या हिवाळ्यात तो दिवाही लुकलुकायला लागला. त्याच्यात किती दम उरलाय हे मला त्याच्या घरघरीवरून कळायचं, आणि त्यात मी कधी चुकले नाही.

अशाच एका दुपारी देल्मिरा आली. शाळेपासूनची मैत्रीण. काखेत थर्मास, हातात येर्बाचा कडू चहा, तोंडात नळी.

"चालू आहे ना गं तुझं धूड?"

"खोकल्याशिवाय उठत नाही. तुझ्यासारखंच."

"मग आधी माझं काम कर. नंतर मरू दे त्याला."

तिच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला होता. समोरचं दिसत नसे, कडेचं दिसे. म्हणून ती कोंबडीसारखी मान वाकडी करून बघायची.

"वसंतापर्यंत माणसांचे चेहरे दिसेनासे होतील म्हणाला डॉक्टर," ती म्हणाली. "तुझा नाही दिसला तरी माझं काही अडणार नाही, निल्दा. पण हे बघायचंय."

तिने ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हची एक पट्टी काढली. मी ती उजेडाच्या पेटीवर ठेवून भिंगातून पाहिली. समुद्राकाठच्या कठड्यापाशी तिची आई, घेरदार झग्यात. आणि कमरेच्या जरा खाली, मागून आलेली चार इवली बोटं, कापड मुठीत धरलेली.

ती बोटं इर्माची. देल्मिराची धाकटी बहीण. हा फोटो काढला त्याच वर्षी तापाने गेली. कॅमेरा निघाला की ती आईमागे दडायची, त्यामुळे तिचा एकही फोटो नव्हता.

"एवढीच उरलीय ती," देल्मिरा म्हणाली. "मोठी करून दे. चेहरा आता आठवतसुद्धा नाही मला."

फोनने काढून दिली असती तर ती बोटं म्हणजे चार ठिपके झाले असते. मी पट्टी यंत्रात सरकवली आणि आधी छोटी झलक काढली.

धूळ पुसण्याची सोय चालूच राहिली होती. आमच्या धंद्यात नवशिक्याने करायची ही चूक. यंत्र डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश टाकतं. रंगीत फिल्ममधून तो आरपार जातो आणि धुळीशी अडतो. जे अडवेल ते यंत्र पुसून टाकतं, आणि आजूबाजूचं बघून भोक बुजवतं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्र चांदीच्या कणांचंच असतं आणि ते कण प्रकाश अडवतात, म्हणून यंत्र चित्रालाच धूळ समजतं आणि सगळ्याचा चिखल करतं.

चिखल झाला नव्हता. कठडा लख्ख होता. फक्त आई नव्हती.

तिच्या जागी एक लहान मुलगी पाठमोरी उभी होती. केसांत फीत. एक हात मागे, हवा मुठीत धरलेली.

मी पट्टी काढून पुन्हा भिंगाखाली धरली. आई जागेवर होती. यंत्र भोक बुजवतं ते भिंतीने, आकाशाने. फीत बांधलेली मुलगी ते कुठून आणणार?

सोय बंद करून झलक काढली. आई आली. पुन्हा चालू केली. आई गेली, आणि मुलीची हनुवटी खांद्यापर्यंत वळलेली होती.

दिवा करकरला.

"काय गं, गप्प का झालीस?" देल्मिराने मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं. मग थर्मास खाली ठेवला. 

मी खरं ते सांगितलं. "दिव्यात एक पुरा स्कॅन उरलाय. एकच. सोय बंद ठेवली तर बोटं नक्की मिळतील, हवी तेवढी मोठी. चालू ठेवली तर काय मिळेल, मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही असं पहिल्यांदाच ऐकतेय."

"ऐकून घे. पुन्हा ऐकायला मिळणार नाही."

"बोटं मला पाठ आहेत," ती म्हणाली. "चेहरा काढ."

चित्र वरून खाली, रेघेरेघेने उतरू लागलं.

आकाश. फीत. कपाळ.

हुबेहूब देल्मिराच्या भुवया. पुढचा एक दात पडलेला. मुलगी हसत होती.

"इर्मा," देल्मिरा म्हणाली, कुणाला जेवायला हाक मारावी तसं.

मुलीची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती. जराशी बाजूला होती.

"पापा फोटो काढत होते," देल्मिरा म्हणाली. "मी तिथे उभी होते. त्यांच्या शेजारी."

दिवा विझला. तो पुन्हा लागला नाही.

मी फोटो छापून दिला. तिने तो छातीशी धरला, माझ्या गालाची पापी घेतली आणि कठडा धरून जिना उतरली. यंत्रातच राहिलेली पट्टी पाकिटात ठेवण्याआधी मी सवयीने भिंगाखाली धरली.

आई तशीच उभी होती. झगा सरळ होता. बोटं नव्हती.

मी खिडकीशी गेले. देल्मिरा समुद्राकडच्या उताराने चालली होती, नेहमीपेक्षा सावकाश, कुणाच्या तरी लहान पावलांशी जुळवून घेतल्यासारखी. वारा नव्हता. तिच्या कोटाची मागची कड एका बाजूला ओढली गेली होती, आणि तिथे कापडाला चार चुण्या पडल्या होत्या.