कमळी लाजत नाही

झेरॉक्सच्या दुकानात जननी एकटीच बडबडत होती. "घरी मराठी बोलतां येतं हो, पण शिकलो तमिळ शाळेत, देवनागरी आम्हांस कुणी शिकवलीच नाही. मंडळाचं नाटक पाठ कसं करू?"

शेजारी उभ्या तरुणाने हात पुढे केला. "द्या," एवढंच म्हणाला आणि कागद घेऊन निघूनही गेला.

दुकानदाराने सांगितलं, हा साईराम. राजवाड्यामागे राहतो, जुन्या मोडी कागदांच्या याद्या करतो. तिसऱ्या दिवशी अख्खं नाटक तमिळ अक्षरांत उतरवून त्याने जननी शिकवायची त्या शाळेत, शिपायाकडे ठेवलं. सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. आभार मानायला ती बाजारात त्याच्यापुढे गेली, तर तो रस्ता ओलांडून पलीकडे... 'केवढा गर्व,' तिला वाटलं.

मंडळाच्या तालमींना प्रॉम्प्टर म्हणून नेमका तोच आला. जननीच्या वाट्याला आलेली कमळी भारी लाजाळू. पाहायला आलेल्या मुलासमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. जननी पदर चावायची, मान वेळावायची. सगळे हसायचे. साईराम हसत नसे.

"का हो, आवडत नाही माझं काम?" एका संध्याकाळी तिने विचारलंच.

तो जमिनीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "कमळी... लाजत नाही. भिते."

"मुलाला?"

"तो तर आवडलाय तिला. घरी दहादा म्हणून पाहिलेलं वाक्य – कुणी पाहू लागलं की जातं. हातसुद्धा आपले वाटत नाहीत. लोक म्हणतात, गर्व आहे."

जननीने हातातला पदर सोडून दिला.

प्रयोगात तिने पदराला हातही लावला नाही. नुसती उभी राहिली. ओठ हलले, आवाज आला नाही. सभागृहात कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साईराम शाळेच्या फाटकाशी उभा होता. तोंड उघडून पुन्हा मिटत होता. एरवी जननीने त्याचं वाक्य स्वतःच पुरं केलं असतं. आज ती त्याच्या शेजारी उभी राहून रस्त्याकडे पाहू लागली. कुंभकोणमची एक बस गेली. मग दुसरी.

"मज... तुम्ही आवडता," तो म्हणाला.

"मलाही," ती रस्त्याकडेच पाहत म्हणाली. "संध्याकाळी घरी या. अप्पांशी मी बोलेन. तुम्ही नुसते बसा."

"नाही." आणखी एक बस गेली. "मीच बोलेन. पण... वेळ लागेल."

"लागू दे," जननी म्हणाली.