अडतीस सेकंद

धाकट्या बहिणीचं, रूपालीचं, लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. सत्यभामा साळवेच्या हाताची हळद निघाली नव्हती, तोच ती ज्याची संगणक यंत्रणा सांभाळायची, त्या बिडकीनच्या शीतगृहातून फोन आला. अमोनियाची गळती झाली होती. फिटर पुंडलिक घाटी रुग्णालयात बेशुद्ध होता. आणि भोंगा वाजलाच नव्हता.

ती पोचली तेव्हा तीन वाजले होते. वास अजून डोळ्यांत झोंबत होता. माणसं दबक्या आवाजात बोलत होती.

मॅनेजर सुदर्शनने स्क्रीन तिच्याकडे वळवला. "सकाळी तीन इशारे. दुपारी एकच्या पुढं यादी कोरी. तनुजानं इशारा बंद केला, नावच आहे तिचं. चारला पोलीस येतील."

कंट्रोल रूमची तनुजा भिंतीला टेकून उभी होती. ओठ कोरडे. "ताई, मी कॅन्टीनमध्ये जेवत होते. माझी लेक तीन वर्षांची आहे हो."

सत्यभामा खुर्चीत बसली. इशारा बंद करता येतो, मग भोंगा वाजत नाही. नोंदी मात्र दूरच्या सर्व्हरवर आपोआप लिहिल्या जातात. इशारा कुणी बंद केला, हेसुद्धा. तिने नोंदी उघडल्या.

एक वाजून सहा मिनिटं, दहा सेकंद. तनुजाचा पासवर्ड बदलायला मोबाईलवर कोड पाठवला.

अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला कोड भरला. संगणक क्रमांक सात.

एक वाजून आठ मिनिटं. इशारा बंद.

"तनुजा, मोबाईल कुठं होता?"

"गेटवर. आत न्यायला बंदी आहे. सगळ्यांचे तिथल्या खणांत असतात."

सत्यभामा उठली. हे करणारा अजून इथंच होता.

ती गेटवर गेली. मागून सुदर्शनही आला. चौकीदार कडुबा स्टुलावर बसला होता.

"मामा, एक वाजता इथं कोण होतं?"

"मीच की. मंग हे साहेब आले. म्हनले, जा, भाकर खाऊन ये, मी बसतो. अकरा वर्सांत पहिल्यांदा माया आली त्येंना."

टेबलावरच्या संगणकावर सातचा आकडा चिकटवलेला होता.

सत्यभामा सुदर्शनकडे वळली.

"साहेब, कोड अडतीस सेकंदांत भरला गेला. कॅन्टीन इथून पाच मिनिटांवर आहे. म्हणजे भरणारा मोबाईलजवळच बसला होता. मोबाईल लॉक असला तरी मेसेज वर दिसतो. नाव तनुजाचं, खुर्ची तुमची."

सत्यभामाने सातच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"सकाळी तीनदा भोंगा झाला, तीनदा काम थांबलं. दोनला कंटेनर निघायचा होता ना? पुंडलिक भोंग्याच्या भरवशावर आत गेला."

"थोडीशीच गळती होती," सुदर्शन पुटपुटला. "तासाभराचा प्रश्न होता."

कडुबा स्टुलावरून उठला. "त्यासाठी मला जेवायला धाडलं व्हय?"

चारला पोलीस आले. त्यांनी सुदर्शनला नेलं, तनुजाला घरी जाऊ दिलं.

फिटर पुंडलिक म्हस्के त्याच दिवशी, चौदा मे दोन हजार चोवीसला, संध्याकाळी सहा वाजता घाटीत वारला.