उजवीकडचा वरचा कोपरा

तुम्ही खोटं बोललात. टॅब कोरा आहे, असं तुमच्या केंद्रातल्या माणसानं माझ्या तोंडावर सांगितलं आणि सही घेतली. तो कोरा नव्हता. आता लिहितोय ते नीट वाचा. 'तक्रार मिळाली' असा शिक्का मारून मला वाटेला लावू नका.

माझे वडील सुखदेव. हडपसरच्या कारखान्यात लेथवर हयात गेली. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या घोषणेला कधी कर्णा लागला नाही. फेब्रुवारीत मेंदूत गुठळी झाली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली, अक्षरं ओळखणंही गेलं. समज मात्र सगळी शाबूत. म्हणून तुमच्या केंद्रातून चित्रं दाबून बोलायचा टॅब आणला, आधी दुसऱ्या कुणी वापरलेला.

हडपसरजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी तो लावला. आधी कंपनीनं भरलेला कचरा काढला. मागचं चित्र घालवून साधा राखाडी रंग ठेवला. आयकॉन मोठे केले. चहासाठी आमच्याच कानतुटक्या कपाचा फोटो, पाण्यासाठी आमचाच तांब्या. दाबलं की माझ्या आवाजात शब्द. बाबांचा चालतो तो हात डावा, म्हणून सगळं डावीकडे खाली, अंगठ्याच्या टप्प्यात. सगळ्यात आधी निळा झेंडा. तो दाबला की 'जय भीम'. त्याशिवाय बाबांनी दारात आलेल्या माणसाला कधी आत घेतलेलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी तो दाबला तेव्हा स्वयंपाकघरातून माझी बायको निकिता म्हणाली, "जय भीम, बाबा! पण हा आवाज तुमच्या लेकाचा. तुमचा बरा होता."

बाबा अर्ध्या तोंडानं हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

काही दिवसांनी कप उजवीकडे वर गेलेला दिसला. अगदी कोपऱ्यात. बाबांचा हात तिथं पोचत नाही. मी तो खाली आणला. दुसऱ्या सकाळी कपाशेजारी तांब्याही वर गेला होता. मी मांडणी लॉक केली. तरी सगळं सरकलं.

तुमच्या चैताली मॅडमना फोन केला. आयकॉन जागा बदलतात, एवढंच सांगितलं.

"दादा, टॅब आहे तो. मांजर नाही, आपली आपण जागा बदलायला."

"आधी कुणाकडे होता?"

"आम्ही सगळं पुसूनच देतो." मग त्यांनीच विचारलं, "वर उजवीकडेच जातात का?"

मी कुठल्या दिशेचं नावही घेतलं नव्हतं. तसं म्हणालो, तर फोन कट.

त्यानंतर एक नवीन चित्र आलं. खिडकी. हिरव्या रंगाची जाळी, बाहेर चिंचेची फांदी. आमच्या खिडक्यांना सरकत्या काचा आहेत, आणि बाहेर चिंच सोडा, झुडूपसुद्धा नाही. दाबून पाहिलं. शब्द नाही. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, तेवढाच श्वास. टॅबच्या काचेला निलगिरीच्या तेलाचा वास येत होता. आमच्या घरात ते कुणी वापरत नाही.

मी टॅब पुसला. सगळाच्या सगळा. पुन्हा सुरू झाला तेव्हा पडदा राखाडी होता, आणि मी काही ठेवायच्या आधी कोपऱ्यात खिडकी होती.

मी सगळं पुन्हा मांडलं. बाबा पाणी मागणार कशानं?

रविवारी दुपारी निकिता बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मी चहा घेऊन आत गेलो. बाबांनी डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट गच्च धरलं होतं. ते तो हात मागे ओढत होते.

फेब्रुवारीपासून त्या हाताचं नखही हललेलं नाही.

तो काचेवर होता. पहिलं बोट सरळ.

बोटानं खिडकी दाबली.

आवाज म्हाताऱ्या बाईचा. शांत.

"इथं कोण झोपलंय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून हवा आली, नुसती हवा.

टॅब परत करा, म्हणालात. करतो. दुसरा मागितला तर नंबर लावा, म्हणालात. तोवर माझ्या बापानं मुकं बसायचं?

आता सगळी चित्रं त्या कोपऱ्यात गेली आहेत. निळा झेंडा तेवढा डावीकडे राहिलाय, कारण बाबांचा अंगठा त्यावर आहे. जेवतानाही ते उचलत नाहीत. निकिता भरवते. त्यांना झोप लागली की मी तिथं माझा अंगठा ठेवतो. काचेखालून ओढ लागते. जोराची नाही. पतंग वर गेल्यावर मांज्याला लागते तशी, हळू, सारखी.

आज माझ्या अंगठ्याला निलगिरीचा वास येतोय.

ती बाई रोज तेच विचारतेय, इथं कोण झोपलंय. बाबांना सांगता येत नाही. टॅब आधी कुणाच्या उजव्या हातात होता, ते तुम्हाला माहीत आहे. तिचं नाव सांगा. आणि तिला आम्ही काय उत्तर द्यायचं, तेही सांगा. लेखी.